गुरुविना गणित : स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि सीमाभागाची गरज

बेळगावचा कॅम्प भाग लष्करी छावणीतून वाढला. ब्रिटिश काळात येथे लष्कर स्थिरावले आणि पाठोपाठ इंग्रजी शाळा आल्या. सेंट पॉल्स हायस्कूलची स्थापना १८५६ मधली. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे, आणि १९४५ मध्ये सुरू झालेले, आज राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणून ओळखले जाणारे विद्यालयही येथेच आहे. मिलिटरी स्कूलची प्रवेश परीक्षा असो वा सैन्यभरतीची लेखी परीक्षा, दोन्हींत गणिताचा भाग असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील खेड्यांतून या परीक्षांना बसणाऱ्या अनेक मराठी मुलांचा मुख्य आधार म्हणजे बाजारात मिळणारे एखादे तयारीचे पुस्तक.

याच भागात पुस्तकावर विसंबणारा आणखी एक विद्यार्थी आहे. कर्नाटकात दहावीची परीक्षा मराठी माध्यमातून देता येते. पुढे पी.यू. विज्ञान शाखेत गेल्यावर मात्र गणित इंग्रजीत शिकावे लागते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘सेट्स’ या विषयावर आहे. कल्पना साधी असली, तरी शब्द अनोळखी असल्याने दहावीत उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थीही पहिल्या पानावर अडखळतो. गोव्यातील वाचकाला हा अनुभव नवा नाही. तेथे मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमात जाताना हीच उडी आणखी लवकर घ्यावी लागते. शिकवणीचे शुल्क परवडत नसेल, किंवा गावातून रोज शहरात जाणे शक्य नसेल, तर ही दरी पुस्तकानेच भरून काढावी लागते. त्यामुळे स्वयंअध्ययनाचे चांगले पुस्तक कोणते, हा प्रश्न पुढील शिक्षणाची वाट ठरवणारा होतो.

तीन प्रकारची पुस्तके

गणिताची पुस्तके स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पाठ्यपुस्तक हे वर्गातील शिक्षक गृहीत धरून लिहिलेले असते. दोन ओळींमधील स्पष्टीकरण फळ्यावर होईल, या भरवशावर ते संक्षिप्त राहते. दुसरा प्रकार गाईडचा. त्यात उत्तरे तयार असतात. प्रश्न बदलला की वाचकाचा आधार सुटतो. तिसरा प्रकार खऱ्या स्वयंअध्ययनाच्या पुस्तकाचा. शिक्षक समोर नाही हे जाणून लेखकाने वाचकाच्या शंका आधीच ओळखलेल्या असतात आणि त्या जागोजागी उपस्थित करून सोडवलेल्या असतात.

हा फरक एका उदाहरणातून स्पष्ट होईल. अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणावे, हा नियम प्रत्येक गाईडमध्ये आढळतो. पाऊण भागिले एक अष्टमांश, म्हणजे पाऊण गुणिले आठ, उत्तर सहा. एवढ्यावर परीक्षेतील गुण मिळतात. स्वयंअध्ययनाचे पुस्तक त्याआधी विचारते : पाऊण किलो चहाच्या प्रत्येकी १२५ ग्रॅमच्या किती पुड्या होतील? एका किलोत अशा आठ पुड्या होतात, तर पाऊण किलोत आठाच्या पाऊणपट, म्हणजे सहा. येथे ‘उलटा करणे’ ही जादू उरत नाही. एका एककात किती भाग बसतात याची ती मोजणी आहे, हे वाचकाच्या ध्यानात येते. नियम विसरला तरी तो पुन्हा उभा करता येतो, आणि शिक्षकाविना शिकणाऱ्याला याच सामर्थ्याची सर्वाधिक गरज असते.

लीलावती आणि तिचे भाष्यकार

एकट्याने गणित शिकण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली. भास्कराचार्यांनी स्वतःचे गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असे सांगितले आहे. ते गाव म्हणजे आजचा विजापूरचा प्रदेश की चाळीसगावजवळचे पाटण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. गणिताचा हा वारसा मराठी व कन्नड या दोन्ही प्रदेशांचा आहे, हे मात्र निर्विवाद.

‘लीलावती’ची मांडणी आजही शिकण्याजोगी आहे. आधी नियम, मग व्यवहारातले किंवा निसर्गातले उदाहरण, मग त्याची रीत. भुंगे, मोर, हंस, सरोवरातील कमळ यांवरील प्रश्न वाचकाला सोडवण्याचे आमंत्रण देतात. तथापि मूळ ग्रंथ श्लोकबद्ध व अतिसंक्षिप्त असल्याने तो एकट्याने वाचणे कठीण होते. ती उणीव भाष्यकारांनी भरून काढली. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत नियमांच्या उपपत्ती, म्हणजे नियम का खरे ठरतात याची कारणे दिली. नियम गुरूकडून मुखोद्गत होई. कारण भाष्यातून कळे. आधुनिक मराठी वाचकासाठी हेच काम प्रा. ना. ह. फडके यांच्या ‘लीलावती पुनर्दर्शन’ या १९७१ च्या ग्रंथाने केले. मूळ श्लोक, मराठी अर्थ आणि आधुनिक पद्धतीचे स्पष्टीकरण एकत्र मिळत असल्याने संस्कृत न येणाऱ्यालाही तो ग्रंथ स्वतः वाचता येतो.

अंकलिपी ते छापील गणित

सामान्य घरांत पोचलेले पहिले गणिताचे पुस्तक म्हणजे अंकलिपी. उजळणी, पाढे आणि त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-मणाची मापे असलेल्या बाजारात हे पाढे रोज लागत. १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक मापे रूढ झाली आणि अपूर्णांकांचे पाढे मागे पडले. अंकलिपी पाठांतरासाठी होती, कारणे सांगण्यासाठी नव्हती. तरीही शाळेत जाऊ न शकलेल्या अनेकांना तिने हिशेबापुरते स्वावलंबी केले, ही तिची कामगिरी लहान नाही.

एकोणिसाव्या शतकात छपाई आली आणि पाश्चात्त्य गणित मराठीत उतरू लागले. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांच्या साह्याने इंग्रजी गणितग्रंथांची मराठी रूपे सिद्ध केली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘शून्यलब्धि’ या ग्रंथाद्वारे कलनशास्त्र मराठीत आणले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी अंकगणितावर लिहिले आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. उच्च गणित मराठीत मांडता येते हे या लेखकांनी जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या प्रवाहाला लोकप्रिय लेखनाची जोड मिळाली. डॉ. मंगला नारळीकर यांनी ‘गणितगप्पा’, ‘गणिताच्या सोप्या वाटा’, ‘दोस्ती गणिताशी’ यांसारख्या पुस्तकांतून भीती घालवणारी, संवादाची शैली आणली. अभ्यासक्रमाची चाकोरी न मानता, ‘हे असे का?’ या प्रश्नाला उत्तर देणे हा त्यांचा विशेष होता. शाळेत गणिताशी फारकत झालेल्या प्रौढांनीही ती पुस्तके आवर्जून वाचावीत.

जगातील नमुने आणि एक इशारा

युरोपात या प्रकारच्या लेखनाचा ठळक नमुना म्हणजे लिओनार्ड ऑयलर यांचा बीजगणितावरील ग्रंथ, जर्मन भाषेत १७७० मध्ये प्रसिद्ध झालेला. दृष्टी जवळजवळ गेलेल्या ऑयलर यांनी तो आपल्या सेवकाला तोंडी सांगितला. हा सेवक पूर्वी शिंप्याकडे उमेदवारी केलेला, फारसे गणित न शिकलेला तरुण होता. लिहिता लिहिता तोच बीजगणित शिकला, असे ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदले आहे.

१९१० मध्ये सिल्वेनस थॉम्सन यांनी ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे पुस्तक प्रारंभी स्वतःचे नाव न देता प्रसिद्ध केले. थॉम्सन विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. कलनशास्त्रातील भयंकर दिसणारी चिन्हे म्हणजे केवळ ‘थोडासा भाग’ आणि ‘अशा भागांची बेरीज’, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. त्यांची पद्धत आपल्या अंगणात पडताळता येते. १० मीटर बाजूचे चौरस अंगण प्रत्येक बाजूने १ सेंटिमीटर वाढवले, तर क्षेत्रफळ १०० वरून १००.२००१ चौरस मीटर होते. वाढीतील ०.२ हा भाग दोन लांब पट्ट्यांचा आणि ०.०००१ हा भाग कोपऱ्यातील इवल्या चौरसाचा. बाजूची वाढ जितकी कमी, तितका कोपरा नगण्य आणि पट्ट्याच महत्त्वाच्या. पी.यू.च्या वर्गात सूत्र म्हणून पाठ होणाऱ्या नियमामागील कल्पना एवढीच आहे. १९३६ मधले लान्सलॉट हॉगबेन यांचे ‘मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन’ हेही याच वाटेचे. गणित मानवी गरजांतून कसे घडले, या कथेच्या ओघात ते शिकवते.

इशारा मिळतो तो श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रातून. कुंभकोणमला असताना, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, त्यांच्या हाती जॉर्ज कार यांचा ‘सिनॉप्सिस’ हा ग्रंथ आला. हजारो सूत्रे व प्रमेये, आणि सिद्धता जेमतेम किंवा मुळीच नाहीत, असे ते परीक्षार्थींसाठी केलेले संकलन होते. रामानुजन यांनी त्यातील प्रमेये स्वतः सिद्ध करून पाहिली आणि त्यांची प्रतिभा फुलली. पण निष्कर्ष लिहून सिद्धता न देण्याची सवयही त्या ग्रंथाशी जोडली जाते. गणितापुढे इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली. असामान्य प्रतिभेला सूत्रांची यादीही पुरते. सामान्य विद्यार्थ्याच्या हाती तीच यादी दिली तर तो पाठांतराकडे वळतो.

जलद गणिताचे आकर्षण

भरती आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत ‘शॉर्टकट’ शिकवणाऱ्या पुस्तकांना मोठी मागणी असते. त्यांतील अनेक युक्त्यांचे मूळ स्वामी भारती कृष्णतीर्थ यांच्या १९६५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकात आहे. त्यातील सूत्रे उपलब्ध वेदसंहितांत आढळत नाहीत, असे अभ्यासकांनी दाखवले आहे; युक्त्या मात्र गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत.

९७ गुणिले ९६ हे उदाहरण घ्यावे. शंभराला ३ आणि ४ कमी, ९७ मधून ४ वजा केले की ९३, ३ गुणिले ४ म्हणजे १२, उत्तर ९३१२. वेळेच्या स्पर्धेत हे उपयोगी आहेच. पण ही रीत दोन कंसांच्या गुणाकारातून येते, हे पुस्तकाने सांगितले तर वाचक तीच कल्पना १०३ गुणिले १०४ ला, किंवा हजाराजवळच्या संख्यांना लावू शकतो. न सांगितले तर प्रत्येक प्रकारासाठी नवी युक्ती पाठ करावी लागते. युक्ती देणाऱ्या पुस्तकाचा कस तिच्यामागील कारण दिले आहे की नाही यावर लागतो.

तीन भाषांचा पेच

सीमाभागात गणिताच्या स्वयंअध्ययनाला भाषेचा पदर आहे, आणि तो अगदी मोजणीपासून सुरू होतो. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारले जातात, वीस नंतर; लिहिताना मात्र २ आधी येतो. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणजे वीस-पाच. इंग्रजीतही तोच क्रम. मराठीतील एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेले. कन्नडमध्ये २९ म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस-नऊ. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष असलेल्या मंगला नारळीकर यांनी तेव्हा दक्षिणेतील भाषांच्या सुबोध क्रमाकडे लक्ष वेधले होते. महाराष्ट्रात जो प्रश्न तात्त्विक होता, तो बेळगावच्या गल्लीतील मुलाच्या कानावर रोज पडतो. दोन्ही रचना शेजारी ठेवून दाखवल्या तर हा गोंधळ स्थानिक किंमत समजण्याचे साधन होऊ शकतो.

पुढे पारिभाषिक शब्द येतात. काही बाबतींत कन्नड व मराठी सख्ख्या बहिणी आहेत : वर्गसमीकरण आणि त्रिकोणमिती हे शब्द दोन्हींत जवळजवळ सारखे. काही ठिकाणी वाटा वेगळ्या होतात. मराठीतील वर्तुळ कन्नडमध्ये वृत्त होते, संच हा गण होतो, मूळ संख्या ही अविभाज्य संख्या होते. इंग्रजीत जाताना खरी फसगत ‘मूळ’ या शब्दावर होते. वर्गमूळ आणि समीकरणाचे मूळ यांना इंग्रजीत ‘रूट’ म्हणतात; मूळ संख्येला मात्र ‘प्राइम’. शब्दशः भाषांतर करून वाचणारा विद्यार्थी येथे हमखास चुकतो, आणि चूक दाखवायला जवळ कोणी नसते. फलाला ‘फंक्शन’, संचाला ‘सेट’ हे कळायला मिनिटभर पुरते; ते मिनिट पुस्तकात नसेल तर महिना जातो.

पुस्तकांच्या उपलब्धतेतही सीमा आडवी येते. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्रात १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि तेथील मराठी पुस्तके त्या राज्याच्या अभ्यासक्रमानुसार घडत गेली. निपाणीच्या विद्यार्थ्याला कोल्हापूरची बाजारपेठ जवळची. तेथील मराठी पुस्तक भाषेने आपले वाटते, पण घटकांचा क्रम आणि व्याप्ती कर्नाटकाच्या परीक्षेशी जुळतेच असे नाही. अशा पुस्तकाचा वापर कल्पना समजून घेण्यासाठी करावा, आणि सरावासाठी आपल्या मंडळाचे पुस्तक ठेवावे. बालभारतीची व एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. एकच घटक आधी मराठीत आणि लगेच इंग्रजीत वाचणे, हा आज सर्वांत स्वस्त पूल आहे.

निवड कशी करावी

पुस्तक घेण्यापूर्वी दुकानात किंवा वाचनालयात दहा मिनिटे खर्चावीत. पहिली कसोटी : आपल्याला चांगला येणारा एखादा घटक उघडावा. येणाऱ्या गोष्टीबद्दलही पुस्तक काही नवे कारण सांगत असेल, तर न येणाऱ्या गोष्टीत ते हात धरील. दुसरी : सोडवलेल्या उदाहरणात एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्याचे कारण लिहिले आहे का, हे पाहावे. तिसरी : सरावातील उदाहरणे सोप्यावरून कठीणाकडे जातात का, आणि शेवटी उत्तरे आहेत का. उत्तरे नसलेले पुस्तक वर्गासाठी ठीक. एकट्याने शिकणाऱ्याला आपली चूक कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. चौथी : नेहमीच्या चुकांचा उल्लेख आहे का. पाचवी, सीमाभागासाठी विशेष : पारिभाषिक शब्दांची सूची आहे का, आणि ती किमान दोन भाषांत आहे का.

पातळीबाबत भिडस्तपणा नको. अकरावीच्या विद्यार्थ्याला अपूर्णांक अडत असतील, तर सातवीचे पुस्तक उघडण्यात कमीपणा नाही. गणितात वरचा मजला कच्च्या जोत्यावर उभा राहत नाही.

वाचण्याची रीत

गणिताचे पुस्तक कादंबरीसारखे वाचून चालत नाही. सोडवलेले उदाहरण आधी झाकावे, स्वतः प्रयत्न करावा, मग पुस्तकातील रीत ताडून पाहावी. दिवसाला दोन पाने झाली तरी पुरे. पण शेवटी पुस्तक मिटवून तो नियम स्वतःच्या शब्दांत, कारणासह, वहीत लिहिता आला पाहिजे. वहीची मागील पाने शब्दांसाठी राखावीत : मराठी, इंग्रजी आणि येत असल्यास कन्नड. चुकांची वेगळी यादी ठेवावी आणि आठवड्याने तीच उदाहरणे पुन्हा सोडवावीत. तासभर अडलेली गोष्ट खूण करून पुढे जावे. अशा खुणा घेऊन महिन्यातून एकदा शिक्षकाकडे गेले, तर शिक्षकाचाही वेळ सत्कारणी लागतो.

हाती कागद घेऊन शोधण्याचा आनंद काय असतो, हे दुसऱ्या एका छावणीच्या गावातील शिक्षकाने दाखवून दिले. डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म जाहीर केला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि हेच पुन्हा करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे उत्तर बदलत नाही. त्यासाठी वजाबाकीपलीकडे काही लागत नाही, आणि तरीही जगभरच्या गणितप्रेमींना या संख्येने गुंतवून ठेवले आहे.

पुस्तकाची मर्यादाही ओळखावी. वाचकाच्या चेहऱ्यावरील गोंधळ पुस्तकाला दिसत नाही. म्हणून चांगला शिक्षक मिळत असेल तर त्याला पर्याय नाही. जेथे तो मिळत नाही, तेथे मात्र कारण सांगणारे आणि विद्यार्थ्याच्या भाषेतून परीक्षेच्या भाषेकडे नेणारे पुस्तक हवे. दहावीनंतरच्या सुट्टीत वाचून संपेल असे, पी.यू.च्या पहिल्या काही प्रकरणांपुरते, मराठी-कन्नड-इंग्रजी शब्दसूचीसह छोटेसे सेतुपुस्तक सीमाभागातील गणिताचे शिक्षक एकत्र बसून सिद्ध करू शकतात. गोव्यात पाचवीच्या उंबरठ्यावरील मुलांसाठी तसेच एक होऊ शकते. जर्व्हिस आणि क्रमवंतशास्त्री यांच्या काळी परिभाषाही नव्याने घडवावी लागली होती. आज शब्द तयार आहेत, मूळ पुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत. उरते ते दोन ओळींमधील स्पष्टीकरण लिहिण्याचे काम.